वॉशिंग्टनमध्ये यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय शिपायांचं स्मारक: अण्णांना काय काय दाखवू?

नीराकाठची

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई-अण्णा पहिल्यांदाच इकडे येताहेत. आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता गावी शेती आणि वाचन. व्हाइट हाऊस, कॅपिटॉल, लिंकन मेमोरियल अशी यादी करून मी फोनवर वाचून दाखवली, तर म्हणाले, "ते तुझी आई बघंल. मला ते काळे शिपाई कुठं हायत ते दाव."

त्याचं असं झालं. यंदा त्यांनी जोतीरावांची 'गुलामगिरी' पुन्हा वाचायला काढली. १८७३ चं ते पुस्तक अर्पण केलंय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. अण्णा त्या पानावरच अडकले. "सोडवणाऱ्यांचे आभार मानले, बेस झालं. पर सुटणारे काय हात जोडून बसले होते व्हय? का बंदूक घेऊन उभे होते? उभे असतील तर त्यांचा दगड कुठंय?"

दगडाचं त्यांना भारी वेड आहे. आमच्या गावात पहिल्या महायुद्धाची पाटी आहे, साताऱ्याकडे बऱ्याच गावांत असते तशी. या गावातून इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली, एवढंच तिच्यावर. नाव एकाचंही नाही. त्या पाटीवरून अण्णा अजून चिडतात. त्यामुळे इथेही पहिला प्रश्न हाच येणार की नावं आहेत का.

यू स्ट्रीटवर काहीतरी स्मारक आहे एवढं मला ठाऊक आहे. कुणी गेलंय का? अण्णांचे गुडघे दुखतात, फार चालवणार नाही. आणि थोडा इतिहासही सांगा. त्यांच्या प्रश्नांपुढे माझा टिकाव लागत नाही.

---

खादाड फिरस्ता

मेट्रोची ग्रीन लाइन पकडा आणि यू स्ट्रीटला उतरा. स्टेशनच्या नावातच स्मारकाचं नाव आहे. दहाव्या रस्त्याकडच्या बाजूने बाहेर पडलात की समोरच पुतळा, चालायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या बाजूने निघालात तर बेन्स चिली बोल, १९५८ पासूनचं. शाकाहारी असाल तर नवव्या रस्त्याकडे इथिओपियन खाणावळी आहेत. इंजेरा आपल्या आंबोळीसारखा लागतो, आईंना नक्की आवडेल.

इतिहासाचं जाणकार सांगतील.

---

आठवी ब

नीराकाठची, तुझ्या अण्णांना माझा नमस्कार सांग. प्रश्न अगदी नेमका विचारलाय त्यांनी. मी मेरीलँडमध्ये सरकारी शाळेत आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवते, मुलांना घेऊन या जागी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. हो, उभे होते. १८६१ ते १८६५ च्या या यादवी युद्धात एका बाजूला देशातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं होती, दुसऱ्या बाजूला लिंकनच्या केंद्र सरकारची म्हणजे उत्तरेची फौज. १ जानेवारी १८६३ ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि त्यातच कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यायची वाट मोकळी झाली. त्याआधीही लुइझियाना, कॅन्सस, साउथ कॅरोलायना इथे काही पलटणी उभ्या राहिल्या होत्या. मे १८६३ मध्ये युद्धखात्याने वेगळं कार्यालयच काढलं आणि या पलटणींना नाव पडलं युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० जण भूदलात आणि अठरा-वीस हजार नौदलात होते. उत्तरेच्या फौजेतला दर दहावा शिपाई म्हण. यातले पुष्कळ जण वर्ष-दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मालकीचे होते. जवळपास ४०,००० मेले, बहुतेक रोगराईने. त्या युद्धात गोळीपेक्षा हगवणीने आणि तापाने जास्त माणसं नेली, गोरी काय नि काळी काय.

आता दगड. वॉशिंग्टनमध्ये अण्णांना मी दोन पुतळे दाखवीन आणि तेही मुद्दाम एका क्रमाने.

पहिला लिंकन पार्कमधला. लिंकन मेमोरियल नव्हे हं, हे पार्क कॅपिटॉलच्या पूर्वेला घरांच्या वस्तीत आहे, पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. १८७६ चा पुतळा. लिंकन उभा, हात पुढे केलेला, आणि पायाशी बेड्या तुटलेला माणूस गुडघा टेकून. तुझ्या अण्णांना अर्पणपत्रिकेत जे खटकलं, तेच इथे ब्राँझमध्ये आहे. गंमत म्हणजे यासाठी पैसे दिले ते गुलामीतून सुटलेल्यांनीच. लिंकनच्या खुनाची बातमी ऐकून शार्लट स्कॉट नावाच्या बाईने आपल्या कमाईतले पाच डॉलर काढून दिले, तिथून वर्गणी सुरू झाली. पुढे मोठा वाटा कृष्णवर्णीय शिपायांनी आपल्या पगारातून उचलला. पण पुतळा कसा असावा हे ठरवलं गोऱ्यांच्या समितीने. वर्गणी देणाऱ्यांना कुणी विचारलंच नाही.

उद्घाटनाला भाषण होतं फ्रेडरिक डग्लसचं. स्वतः मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला, पळून सुटलेला, दोन मुलं या युद्धात लढायला पाठवलेला माणूस. भाषण झालं, आणि काही दिवसांत त्याने एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. आशय असा की मरण्यापूर्वी मला असं स्मारक बघायचंय ज्यात आमचा माणूस गुडघ्यावर नसेल, आपल्या दोन पायांवर ताठ उभा असेल. ते पत्र विस्मृतीत गेलं होतं, २०२० मध्ये पुन्हा उजेडात आलं. डग्लस १८९५ ला वारला.

अण्णांच्या गुडघ्यांसाठी: पार्क सपाट आहे, बसायला बाकं आहेत.

दुसरा यू स्ट्रीटचा. हा १८ जुलै १९९८ ला उघडला, म्हणजे युद्ध संपल्यावर १३३ वर्षांनी. शिल्पकार एड हॅमिल्टन, केंटकीतल्या लुईव्हिलचे, स्वतः कृष्णवर्णीय. समोरून तीन पायदळातले शिपाई आणि एक नौसैनिक. मागच्या बाजूला अर्धगोल, त्यात कुटुंब: निघालेला जवान, बायको, पोरं, म्हातारी माणसं. लोक समोरून फोटो काढतात आणि जातात. तुम्ही मागे जाऊन बघा. आईंना पुढच्यापेक्षा तो मागचा भाग जास्त आवडेल असा माझा अंदाज.

आणि नावं! पुतळ्याच्या पलीकडे बुटक्या वळणदार भिंती आहेत, त्यांवर धातूच्या पाट्या, पाट्यांवर २,०९,१४५ नावं. गोऱ्या अधिकाऱ्यांचीही त्यातच. लावलीत पलटणीप्रमाणे, त्यामुळे फौजी माणसाला बघायला सोपं जाईल आणि आडनावावरून शोधणाऱ्याला कठीण. माझ्या वर्गातली वॉशिंग्टन, जॅक्सन, जॉन्सन आडनावांची पोरं तिथे अक्षरशः वेडी होतात, कारण सगळीकडे तीच नावं. मग त्यांना कळतं की आडनाव एकच असलं म्हणून नातं लागत नाही आणि ती पुढच्या पाटीकडे पळतात.

हे सगळं उभं करण्यामागे फ्रँक स्मिथ. साठच्या दशकात मिसिसिपीत मतदार-नोंदणीचं काम केलेले कार्यकर्ते, पुढे वॉशिंग्टनच्या नगर परिषदेवर निवडून आले. स्मारकाजवळचं संग्रहालयही त्यांनीच सुरू केलं. ते उघडं आहे का हे निघण्याआधी विचारून घ्या. स्मारक मात्र उघड्यावरच आहे, केव्हाही जा.

---

गिरगावचा गणू

छान माहिती, पण थोडं मीठ. (१) ते युद्ध राज्यांच्या हक्कांवरून झालं, गुलामगिरी हे नंतरचं निमित्त, असं मी वाचलंय. (२) काळ्या पलटणींना बहुतेक खंदक खणणं, ओझी वाहणं हीच कामं होती असंही वाचलंय. उगाच फुगवून सांगू नये.

बाकी त्या युद्धात खरा फायदा आपल्या मुंबईचा झाला. अमेरिकन कापूस बंद पडला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजारात लोक वेडे झाले आणि १८६५ ला तिकडे लढाई थांबताच इकडे सगळे झोपले.

---

आठवी ब

गणूभाऊ, कापसाचं अगदी खरं. पण अमेरिकेतला कापूस आधी बोटींतून लिव्हरपूलला जायचा तेव्हा तो वेचायचं कोण, हेही त्याच हिशोबात धरा की.

पहिल्या मुद्द्याला मिसिसिपी राज्यच उत्तर देतं. १८६१ मध्ये फुटून निघताना त्यांनी कारणांचं जाहीर पत्रक काढलं. त्यात आरंभीच लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. मी आठवीला तेच वाचायला देते, वाद तिथेच संपतो.

दुसरा मुद्दा निम्मा खरा. फावडी आणि ओझी त्यांच्या वाट्याला जास्त आली, त्याबद्दल त्यांच्या तक्रारीही आहेत. पण २९ सप्टेंबर १८६४ ला व्हर्जिनियात न्यू मार्केट हाइट्सवर जो हल्ला झाला, तो याच पलटणींनी केला आणि त्या एका लढाईबद्दल १४ कृष्णवर्णीय शिपायांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. इथलं परमवीरचक्रच ते. शिवाय पकडले गेले तर गोऱ्या कैद्यासारखी वागणूक मिळेल याची खात्री नाही. दक्षिणेच्या लेखी ते युद्धकैदी नव्हतेच, बंडखोर गुलाम होते. एप्रिल १८६४ मध्ये टेनेसीतल्या फोर्ट पिलोवर शरण येणाऱ्यांची कत्तल झाली. ती ऐकूनही लोक भरती होतच राहिले.

नीराकाठची, त्या चौदांतला एक तुमच्या बाल्टिमोरचा आहे. ख्रिश्चन फ्लीटवूड, चौथ्या पलटणीतला सार्जंट मेजर. जन्माने स्वतंत्र, शिकलेला, रोजनिशी लिहिणारा. निशाण धरणारे पडत गेले तेव्हा याने ते उचललं. पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी याला अधिकारी करा म्हणून अर्ज केला, वरून मंजुरी आली नाही. सार्जंट मेजर म्हणूनच घरी गेला. अण्णांना हे वेगळं समजवायला नको.

---

चार्ल्सकाठी

बॉस्टनकडून एक पुरवणी. आमच्याकडे स्टेट हाऊससमोर ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचं शिल्प आहे, सेंट-गॉडन्सचं, १८९७ चं. घोड्यावर कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ, वय पंचवीस, गोरा. त्याच्या बाजूने पायी चाललेले कृष्णवर्णीय शिपाई. शॉच्या घरच्यांनीच हट्ट धरला म्हणून शिपाई शिल्पात आले, नाहीतर नुसता घोडा आणि स्वार व्हायचा. शिल्पकाराने खऱ्या कृष्णवर्णीय माणसांना समोर बसवून डोकी घडवली, त्यामुळे एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. कुणाला दाढी, कुणी अगदी कोवळं पोरगं.

१८ जुलै १८६३ ला साउथ कॅरोलायनात फोर्ट वॅग्नरवर या पलटणीने संध्याकाळी समोरून धडक मारली. हल्ल्यात सहाशेच्या आसपास होते, त्यातले पावणेतीनशे मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. शॉ तटावरच पडला. शत्रूने त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं, अपमान म्हणून. वडिलांनी कळवलं की त्याला तिथेच राहू द्या, शिपायांजवळच त्याची जागा आहे. विल्यम कार्नी नावाच्या सार्जंटने अंगात गोळ्या घेऊन निशाण परत आणलं. त्याला मेडल मिळालं १९०० मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी.

अण्णांच्या प्रश्नाला धरून: मूळ स्मारकावर मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती, शिपायांची नव्हती. ती मागच्या बाजूला कोरली १९८० च्या दशकात.

बॉस्टनला यायची गरज नाही. या शिल्पाची प्लास्टरची पूर्णाकृती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, पश्चिमेकडच्या इमारतीत आहे. तिकीट नाही, आत थंडावा आहे, बसायला जागा आहे.

---

नीराकाठची

बापरे, एवढं! सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री अण्णांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. फ्लीटवूडला अधिकारी केलं नाही हे ऐकून "हां" एवढंच म्हणाले. मग पहिला प्रश्न, "पगार किती?" आणि दुसरा, "लढाई संपल्यावर परेड झाली असंल, तीत होते का?"

ताई, सांगाल का?

---

आठवी ब

फौजी माणूस पगारच विचारणार!

गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. कृष्णवर्णीयाला १०, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. भरतीच्या वेळी सांगितलेलं वेगळं. चार्ल्सकाठीने सांगितलेल्या ५४ व्या पलटणीने तो पगार घ्यायलाच नकार दिला. मॅसॅच्युसेट्स राज्याने वरची रक्कम आम्ही भरतो म्हटलं, तर तीही नको म्हणाले. प्रश्न पैशाचा नव्हता, केंद्र सरकार आपल्याला शिपाई मानतं की मजूर, याचा होता. फोर्ट वॅग्नरवर धडक मारली ती बिनपगारी. घरी बायकापोरांची उपासमार, आणि हे दीड वर्ष तसेच राहिले.

तिसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर याच कारणाने आपल्या माणसांना घेऊन कर्नलच्या तंबूसमोर गेला आणि सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. लष्करी न्यायालयाने बंड ठरवलं. फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. अण्णांना हे सांग आणि ते काय म्हणतात ते मला जरूर कळव. शिस्त की हक्क यावर माझ्या वर्गात दर वर्षी भांडण होतं, पण फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाचं मत मी कधी ऐकलेलं नाही.

जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला, पण त्यातही पाचर. १९ एप्रिल १८६१ ला, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीला, जो स्वतंत्र होता त्यालाच भरतीपासूनची थकबाकी. गुलाम होता त्याला १ जानेवारी १८६४ पासून. आता एकाच पलटणीत दोन्ही तऱ्हेचे लोक. ५४ व्या पलटणीच्या कर्नल हॅलोवेलने तोड काढली. शपथच अशी तयार केली की त्या तारखेला मी कुणाचंही फुकटचं काम देणं लागत नव्हतो. पळून आलेला गुलामसुद्धा ही शपथ खोटं न बोलता घेऊ शकतो, कारण देवाच्या दरबारी तो कुणाचं काहीच देणं लागत नाही! मला या युद्धातली सर्वांत आवडती गोष्ट कुठली विचारशील तर ही शपथ. मार्च १८६५ मध्ये बाकीच्यांनाही मिळालं.

परेड. २३ आणि २४ मे १८६५ ला वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवरून विजयी फौजांचं दोन दिवस संचलन झालं. कलर्ड ट्रूप्सची एकही पलटण त्यात नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग शहराने या पलटणींसाठी वेगळं संचलन केलं, गावातल्या कृष्णवर्णीय लोकांनी पुढाकार घेऊन. वॉशिंग्टनमधलं राहिलेलं संचलन २०१५ मध्ये, दीडशे वर्षांनी, यू स्ट्रीटच्या संग्रहालयाने काढलं. तसेच गणवेश घालून लोक चालले, पुष्कळ जण त्या शिपायांचे वंशज.

आणि अजून एक जागा यादीत घाल: आर्लिंग्टनचं राष्ट्रीय दफनभूमी क्षेत्र, सेक्शन २७. पर्यटक केनेडींच्या समाधीकडे आणि पहारा बदलायचा सोहळा बघायला जातात. हा भाग पार उत्तरेच्या टोकाला. सैनिकांच्या दगडांवर नावाखाली पलटणीची आद्याक्षरं. त्यांच्याच शेजारी गुलामीतून सुटून आलेले साधे लोक, तीन हजारांहून अधिक, आणि त्यांच्या दगडावर नावाबरोबर 'सिटिझन' नाहीतर 'सिव्हिलियन'. नागरिकत्व देणारी चौदावी दुरुस्ती १८६८ ची, यातले कित्येक जण त्याआधीच गेलेले. पांढऱ्या दगडांच्या रांगा सारख्याच, त्यामुळे जवळ जाऊन वाचल्याशिवाय काही कळत नाही.

---

गिरगावचा गणू

फोर्ट वॅग्नर बिनपगारी? हे माहीत नव्हतं. वॉकरबद्दल अण्णा काय म्हणाले ते इथेही लिहा.

---

नीराकाठची

आज सकाळी विचारलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हत्यार खाली ठेवलं म्हंजे कोर्ट मार्शल होणारच, मीबी तेच केलं असतं. पर गोळी घालायच्या आधी त्या कर्नलला इचारायचं हुतं, तुझा पगार किती कापला?" पाठोपाठ आईचा आवाज, "त्याचं नाव हाय का भिंतीवर?"

ताई, वॉकरचं नाव कसं शोधू?

---

आठवी ब

आई भारी आहेत!

शोधायचं असं. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर यादवी युद्धातल्या शिपायांची यादी आहे, तिथे नाव आणि राज्य टाकायचं. विल्यम वॉकर ढिगाने निघतील, म्हणून पलटण बघायची. यात एक मेख आहे: तिसऱ्या साउथ कॅरोलायनाला पुढे २१ वी कलर्ड ट्रूप्स असा नवा क्रमांक मिळाला. तेव्हा दोन्ही नावांखाली बघ. पलटण ठरली की भिंतीवर त्या पलटणीची पाटी गाठायची. फ्लीटवूड सोपा, चौथी पलटण. तो आधी दाखव, म्हणजे पद्धत कळेल.

सगळं एका दिवसात कोंबू नकोस. पहिल्या दिवशी सकाळी लिंकन पार्क, मग नॅशनल गॅलरी, ऊन उतरल्यावर यू स्ट्रीट. आर्लिंग्टन वेगळ्या दिवशी. आत गाडी न्यायला साध्या पाहुण्यांना परवानगी नसते आणि सेक्शन २७ आतल्या बसच्या नेहमीच्या थांब्यांपासून लांब पडतो, म्हणून प्रवेशाशी असलेल्या केंद्रात अण्णांच्या गुडघ्यांचं सांगून काय सोय होईल ते विचार. आणि शनिवारी यू स्ट्रीटला पार्किंगच्या नादी लागू नका. ग्रीनबेल्टला गाडी लावा आणि मेट्रोने या.